फेस मारला म्हणे, पण किती मारला?

इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) गरम होऊन वाकलं म्हणून गॅरेजात दुरुस्त करून घेतलं, आणि आता गाडी खडखडतेय. आज ती पुन्हा तिथेच नेली. त्या माणसानं बॉनेट उघडलं, इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत पाय न दाबता, चालू ठेवलं, क्षणभर मान वाकडी करून ऐकलं आणि मला विचारलं, "कुठंय आवाज?" अरे, आयडलवर आवाज नाहीच! चढावर तिसऱ्या गिअरला पाय दाबला की खडखडतं. हे फोनवर सांगितलं, तोंडी सांगितलं, जॉबकार्डवर लिहून दिलं. शेजारी बस, एक चक्कर मारू, ऐकवतो, म्हटलं. तर हात पुसत म्हणतो, "साहेब, तुमच्या कानात बसलाय तो आवाज. नवीन हेडकाम आहे, चालवत राहा, हळूहळू सेट होईल."

काय सेट होईल? व्हॉल्व्ह लॅप झाले (घासून बसवले), त्यांच्या बसायच्या सीट कापल्या, हेडखालचं गॅस्केट (सील) नवीन टाकलं. यातलं काय चालवून सेट होतं? डेटोनेशन, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकणं, असेल तर रोज पिस्टनवर हातोडे बसताहेत. दोन रिंगांमधली कड तुटली की मग हेडच काय, अख्खं इंजिन उतरवा!

दुसरा पोरगा आला, "टॅपेट असेल." टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, आयडललाही वाजतात रे बाबा! त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो, त्या ठेक्यात टिकटिकतात. इथे लोड आला की आवाज, पाय उचलला की गप्प. आणि जास्त ऑक्टेनचं, म्हणजे सहजी आपोआप न भडकणारं, पेट्रोल भरलं तेव्हा तो जवळजवळ गेला होता. टॅपेटला काय कळतं टाकीत कुठलं पेट्रोल आहे ते?

मग स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड नाही, म्हणून गाडी ओके! नॉक सेन्सरनं डेटोनेशन ऐकलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्पार्क मागे घेतो, म्हणजे उशिरा देतो, म्हणून तर पिकअप मेलाय. त्याचं काम तो करतोय, कोड कशाला देईल? लाइव्ह डेटा लावून लोडवर इग्निशन टायमिंग किती अंश मागे जातंय ते बघा ना. नाही बघितलं. इनटेक काढताना तो सेन्सर सोडवला होता, पुन्हा किती टॉर्कनं बसवला? पुस्तकात 20 न्यूटन-मीटर लिहिलंय. उत्तर काय, "हातानं टाइट केलाय, काळजी नको." टॉर्क रेंच भिंतीवर टांगलाय, शोभेला.

पण डोकं खरं फिरलं ते पुढे. हेड गरम होऊन वाकलं होतं म्हणून फेस मारायला, म्हणजे तळ घासून सपाट करायला, पाठवलं होतं. विचारलं, किती काढला? "थोडासा." थोडासा म्हणजे किती? "लेथवाल्यानं लागेल तेवढा काढला असेल." असेल! हेडची उंची आधी मोजली? नाही. नंतर? नाही. गॅस्केट जाड घेतलं? "कंपनीचं जे येतं तेच लावलं." तळ घासला की चेंबर (पेट्रोल जळतं ती जागा) लहान होतो आणि काँप्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, वाढतं. 300 सीसीच्या सिलिंडरला 10 चं काँप्रेशन असेल आणि चेंबरमधली सव्वा सीसी जागा गेली, तर ते 10.35 वर जातं, आणि काँप्रेशन वाढलं की डेटोनेशनला वाव. शाळेतल्या पोराला जमेल असा हिशेब आहे हा! वर काँप्रेशन टेस्ट करा म्हटलं, तर गेज दुसऱ्या गॅरेजात गेलंय.

आणि क्रँक-कॅम जोडणारा टायमिंग बेल्ट बसवताना एका दातानं चुकला नाही कशावरून? मार्क बघू या म्हटलं, तर कव्हर उघडायची वेगळी मजुरी सांगतो. मला मजुरी!

याच मंडळींनी मागे कूलंटचा होज क्लिप न लावता गाडी हातात दिली होती. रेडिएटर साफ केला तेव्हा डब्यात दोन बोल्ट उरले, "ते एक्स्ट्राच असतात" म्हणून सांगितलं. एक्स्ट्रा बोल्ट घालून गाडी बनवतं का कुणी? आणि "घट्ट ऑइल टाका, आवाज दबेल" असा सल्ला देणाऱ्यांना तर माझ्या गाडीपाशी उभं करू नका. आवाज दाबायचा नाहीये मला, कशाचा आहे ते कळायला हवंय!

आता म्हणतात, पुढच्या आठवड्यात आणा, हेड परत उतरवून बघू. उतरवा. पण या वेळी बेल्टचे मार्क आणि काँप्रेशन आधी बघायचं, माझ्यासमोर. हेड उतरलं की उंची मोजायची आणि आकडा बिलावर लिहायचा. मजुरीचा एक पैसा मी देणार नाही.