पिकअप येतोय, थांबा

आमच्या नव्या डिझेल गाडीत ताकद भरपूर आहे. माहितीपत्रकातच छापलंय: २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, १७५० आरपीएमपासून पुढे, म्हणजे इंजिन मिनिटाला १७५० फेरे घेऊ लागलं की. शोरूममधल्या मुलाने हा आकडा इतक्या आदराने उच्चारला की नवऱ्याने लगेच मान डोलावली. न्यूटन मीटर म्हणजे नेमकं काय, हे त्या दोघांपैकी एकालाही ठाऊक असेल असं मला वाटत नाही. पण २५० म्हणजे २०० पेक्षा जास्त, एवढं गणित गाडी घ्यायला पुरतं.

मेख २५० मध्ये नव्हती, १७५० मध्ये होती. सकाळी कासारवडवलीहून कापूरबावडीकडे निघालं की माझं इंजिन १७५० ला पोचतच नाही. अकराशे, तेराशे, ब्रेक. हजार, बाराशे, रिक्षा आडवी, ब्रेक. ताकद गाडीत आहे, फुकट नाही, तिचे हप्ते चालू आहेत. फक्त ती जिथे सुरू होते त्याच्या आधीच ठाण्याचा घोडबंदर रोड मला थांबवतो.

वाघबीळला मेन रोडला लागायचं असतं तेव्हाची गंमत बघा. उजवीकडून एक ट्रेलर येतोय, त्याच्यामागे टीएमटीची बस, आणि दोघांच्या मधे एक फट. ठाण्यात फट मिळणं म्हणजे भाग्य. नवरा शेजारून म्हणतो, "अगं, काढ ना पटकन!" मी क्लच सोडते, रेस देते. गाडी हं म्हणते आणि विचारात पडते. मी पाय आणखी दाबते. गाडी अर्ध्या रस्त्यात तिरकी उभी, बसवाला हॉर्नवर हात ठेवून आमच्या सात पिढ्यांची चौकशी करतोय, आणि इंजिन अजून विचारातच. मग टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, जागा होतो. एकदम. अडीचशेच्या अडीचशे न्यूटन मीटर एका हप्त्यात. माझी मान मागे, मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवरचा डबा पुढे, आणि समोरच्या रिक्षावरचं 'आई एकवीरा प्रसन्न' इतकं जवळ की खालचा पेंटरचा मोबाइल नंबरही वाचता यावा. ब्रेक. आरपीएम हजारावर, टर्बो पुन्हा झोपला.

"अगं, हळू!" हे म्हणणारा माणूस तोच, आणि त्याचा उजवा पाय तिकडे नसलेल्या ब्रेकवर.

"आपल्या जुन्या गाडीचं नव्हतं हो असं," सासूबाई डबा सावरत म्हणतात.

नव्हतंच. जुन्या डिझेल गाडीत पेडलपासून पंपापर्यंत सरळ तार होती. पाय दाबला की तार ओढली जायची, डिझेल आत आणि काळा धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर. जी काही थोडीथोडकी ताकद होती ती लगेच हातात. आता तार नाही. पेडलला सेन्सर आहे. तो ईसीयूला, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरला, कळवतो की बाईंनी पाय दाबलाय. म्हणजे मी हुकूम देत नाही, अर्ज करते. ईसीयू अर्ज वाचतो आणि इंजिनात हवा किती आलीय ते तपासतो. हवेच्या मानाने डिझेल जास्त गेलं तर काळा धूर होणार, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर तर त्याची मुळीच गय नाही. तेव्हा पुरेशी हवा येईपर्यंत डिझेल मंजूर होत नाही. हवा कोण आणणार? टर्बो. टर्बो कशावर फिरणार? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर. तेवढा धूर कधी येणार? जास्त डिझेल जळलं की. आणि डिझेल कधी मिळणार? हवा आली की. रेशन कार्डाला पत्त्याचा पुरावा हवा आणि पत्त्याचा पुरावा म्हणून रेशन कार्ड.

वाया जाणाऱ्या धुराकडूनच काम करून घ्यायची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनियरची. त्याने १९०५ साली पेटंट घेतलं. काटकसर म्हणून मला तिचं कौतुकच आहे. टर्बोचं चाक एकदा रंगात आलं की मिनिटाला लाखावर फेरे घेतं म्हणे. पण ब्यूशीसाहेबांना गायमुखचा घाट चढायचा नव्हता. पुढे न्हावाशेव्याहून गुजरातला निघालेला कंटेनर, मागे त्याचाच भाऊ, एसी चालू, आणि गाडी दुसऱ्यात मरते, पहिल्यात बोंबलते. अशा वेळी लाखभर फेऱ्यांचा काय उपयोग?

सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडला. "मॅडम, एरर काही नाही. या गाड्यांचं असंच असतं." आजार नसल्याचं बिल मात्र आलं. मग वागळे इस्टेटमधला आमचा जुना मेकॅनिक. त्याने बॉनेट उघडून एअर फिल्टर बघितला, टर्बोचा होज पाइप कुठे फाटलाय का ते बोटांनी चाचपलं, आणि हात पुसत म्हणाला, "ताई, गाडी ठणठणीत आहे. अठराशेच्या खाली पडू देऊ नका, एवढंच." अहो दादा, ते मला नाही, ठाणे ट्रॅफिकला सांगा!

यावर नवऱ्याने ऑनलाइन शोधून पेडलला जोडायची एक डबी मागवली. ही डबी सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसते आणि पाय अर्धा दाबला असला तरी पूर्ण दाबल्याचं कळवते. ताकद तसूभरही वाढत नाही. अर्ज तोच, वर फक्त 'अतितातडीचे' असा शेरा. परिणाम असा की मेन रोडवर गाडी पूर्वीइतकाच विचार करते, पण पार्किंगमध्ये, जिथे मला इंचभर सरकायचं असतं, तिथे उसळते. वॉचमनकाका आता मी स्टार्टर मारला की खांबाच्या पलीकडे जाऊन उभे राहतात. वरून शेजारच्या विंगमधले काका आपली इलेक्ट्रिक गाडी आवाज न करता बाहेर काढतात. तिला टॉर्क शून्यापासून मिळतो, हे त्यांनी मला लिफ्टमध्ये बऱ्याचदा सांगितलंय. चार्जिंग पॉइंटवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांचं काय झालं, ते मी लिफ्टमध्ये काढत नाही. माणुसकी आहे.

शेवटी मी माझ्यापुरता मार्ग काढलाय. पाटलीपाड्याला लागणाऱ्या पिकअपसाठी मानपाड्यालाच पाय दाबायचा. परवा कापूरबावडीच्या सिग्नलला नवरा दचकून म्हणाला, "अगं, लाल आहे अजून! रेस कशाला देतेयस?"

"अर्ज टाकून ठेवतेय."