खुलासा : सेत्स्वाना नाटकातली नावं
'सेत्स्वाना नाटकात पात्राचं नाव कळलं की त्याचा शेवटही कळतो,' असा मजकूर सध्या फिरतोय. तो मीच लिहिला होता आणि तो चुकीचा आहे.

बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेत बोलल्या जाणाऱ्या या भाषेत बरीच नावं रोजच्या शब्दांचीच असतात. म्फो म्हणजे देणगी, कागिसो म्हणजे शांती, मोदिसे म्हणजे गुराखी. मोत्लालेपुला म्हणजे पाऊस घेऊन येणारा. त्या कोरड्या मुलखात पाऊस इतका मोलाचा, की बोत्स्वानाच्या चलनाचं नावही 'पुला'च, म्हणजे पाऊस. त्यामुळे नाव कानावर पडताच प्रेक्षकाला अर्थ लागतो, एवढं खरं. पण नाटककार तो अर्थ खरा ठरवू शकतो, तसाच उलटवूही शकतो. 'शांती' नावाचं पात्र घरात भांडणं लावणारं असू शकतं, आणि मला तर खरी गंमत तिथेच वाटते.

माझी चूक लक्षात आली ती एल. डी. रादित्लादी यांच्या 'मोत्स्वासेले दुसरा' या नाटकामुळे. मोत्स्वासेले हा सेत्स्वाना बोलणाऱ्या बाक्वेना जमातीचा खराखुरा राजा, स्वतःच्याच माणसांनी मारलेला. हे नाव इतिहासातून आलं; नाटककाराने ते शेवट सुचवण्यासाठी घडवलेलं नाही.

कृपया जुना मजकूर पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा जरूर द्या.