सहीच्या पत्राला लॅमिनेशन कशाला?

परत तेच! साताऱ्यात एका घरी यशवंतराव चव्हाणांच्या सहीचं पत्र आहे म्हणून कळलं, धावत गेलो, बघतो तर लॅमिनेट केलेलं. का पण? मशीनच्या उष्णतेने प्लास्टिक कागदात मुरून बसतं, ते ओढून काढायला गेलं की शाई आणि कागद दोन्ही जातात, आणि आतला कागद स्वतःच्याच ॲसिडने पिवळा पडत राहतो तो राहतोच. सांगलीत वसंतदादांची चिठ्ठी, फाटली म्हणून सेलोटेप मारलाय! आणखी कुणी सहीपुरता तुकडा कापून वहीत डकवतो आणि बाकीचं पत्र रद्दीत. अहो, तारीख नाही, मजकूर नाही, कुणाला लिहिलं ते नाही, मग उरलं काय त्यात? ॲसिड-फ्री फोल्डर मिळतात, नसेल तर नुसतं सपाट ठेवा, उन्हाला लावू नका, एवढंच तर करायचंय!

विकणाऱ्यांचं तर बोलूच नका. रबरी शिक्क्याची सही ‘ओरिजिनल’ म्हणून खपवतात. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या (इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारच्या) काळातले भूमिगतांचे कागद आधीच दुर्मिळ, त्यात हे विकणारे १९४२ चं पत्र दाखवतात आणि सही बॉलपेनची! १९४२ ला साताऱ्यात बॉलपेन आणलं कुठून? विचारलं की वर आपल्यावरच चिडतात.