रिकामी बादली

आमच्या घरी सफरचंद हे आजाऱ्याचं फळ. कुणी दवाखान्यात असलं की किलोभर सफरचंदं पिशवीत घालून भेटायला जायचं. धडधाकट माणूस सफरचंद कापायला बसला, तर आई कपाळाला हात लावून बघायची. त्यामुळे स्वीडनमध्ये, लुंडला राहायला आल्यावर पहिल्याच सप्टेंबरात मी चक्रावलो. फाटकाफाटकाबाहेर सफरचंदांची खोकी, वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं: 'ग्राटिस'. म्हणजे फुकट. आणि झाडाखाली सडा. तिकडे पूर्वेला किविक गावात तर या दिवसांत सफरचंदांची जत्रा भरते, हजारो सफरचंदं एकेक करून मांडतात आणि भलंमोठं चित्र उभं करतात. आम्ही मात्र एका सफरचंदाच्या चार घरांत फोडी वाटलेली माणसं.

तरी खोक्यांकडे न बघता चालायला मी शिकलो होतो. पण शेजारच्या आजींनी एक दिवस बादलीच दारात आणून ठेवली. (त्यांना 'आजी' मी मनातल्या मनात म्हणतो. इथे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून लहानथोर सगळे एकमेकांना 'दू', म्हणजे 'तू' म्हणतात आणि नावानं हाक मारतात. ऐंशी उलटलेल्या बाईंना नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. 'हेय' म्हणतो आणि हसतो.)

सफरचंदं आठवडाभरात संपलीही असती. घोडं अडलं बादलीपाशी. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं.

"चमचाभर साखर घालून दे," मी म्हणालो.

"दहा लिटरच्या बादलीत?" बायको म्हणाली. "त्यांचीच सफरचंदं आहेत, त्यांचाच तो केक करून दे."

'करून दे' हे मला उद्देशून होतं, हे कळेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत गेली होती.

एपलकाका. नावावरून हा कुणी सातारकडचा नातेवाईक वाटतो, पण स्वीडिशमध्ये 'काका' म्हणजे केक. पाककृती स्वीडिशमध्ये. पहिल्याच ओळीत फोननं भाषांतर दिलं: 'भांड्याला लोणी लावा आणि ब्रेड करा.' भांड्याचा ब्रेड कसा करायचा यावर आमच्यात वीस मिनिटं चर्चा झाली. मैदा भुरभुरतात तसा लोण्यावर ब्रेडचा चुरा भुरभुरायचा, म्हणजे केक चिकटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चुरा नव्हता. तळ सुटा होणारं ते कडीचं भांडंही नव्हतं. व्हॅनिला साखर नव्हती. फुकटच्या सफरचंदांपायी मी दुकानात तीन खेपा घातल्या.

मापं सगळी डेसिलिटरमध्ये. दोन अंडी, दोन डेसिलिटर साखर, तीन डेसिलिटर मैदा. त्याखालचे चमचे मात्र तीन-तीन अक्षरांत: एमएसके, टीएसके, केआरएम. पहिला १५ मिलीचा, दुसरा ५ मिलीचा, तिसरा १ मिलीचा. हे मला आता झोपेतही सांगता येतं. त्या संध्याकाळी येत नव्हतं. दीड टीएसके बेकिंग पावडरच्या जागी मी दीड एमएसके घातली, ती पण काठोकाठ, सढळ हातानं.

सफरचंदाच्या फोडी दालचिनी-साखरेत घोळून पिठात ओळीनं खोचल्या. फारच देखणं दिसत होतं. फोटो काढून आईला पाठवला. १७५ अंश, खालचा कप्पा. पंधराव्या मिनिटाला केक भांड्याच्या काठावर आला. विसाव्याला त्यानं काठ ओलांडला. कडीच्या फटीतून लोणी आधीच ठिबकत होतं, त्यात हे पीठ जाऊन पडलं आणि ओव्हनच्या काचेमागे धूर दाटला. मग छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. मी स्टुलावर चढून त्याला टॉवेलनं वारा घालतोय, बायको सगळ्या खिडक्या उघडतेय, बाहेर सहा अंश. तेवढ्यात आईचा फोन: "झाला का रे?"

केक मध्यभागी असा खचला होता की त्यात वाटी बसली असती. चव साबणाची.

दुसरा केक रात्री अकराला झाला. या वेळी चमचा बायकोनं धरला आणि मी फक्त मोजून दाखवायचं काम केलं. वेलदोड्याची पूड मात्र मी गुपचूप घातली. ही मंडळी बनपावातसुद्धा वेलदोडा घालतात, तेव्हा घरच्यासारखंच. सोबत व्हॅनिलाचा पातळ सॉस. तो विकत आणला. स्वाभिमानालाही रात्री अकरानंतर झोप येते.

सकाळी धुतलेल्या बादलीत ताटली ठेवून मी आजींच्या दारात. त्यांनी तिथेच एक तुकडा मोडला, सावकाश चावला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "इंते दुम्त." म्हणजे वाईट नाही. मी पुण्यात वाढलोय, त्यामुळे याच्या वरची पायरी नसते हे मला सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात आजी. हातात आमची ताटली, घासूनपुसून लखलखीत. रिकामी कशी द्यायची, म्हणून ती बादलीत ठेवून आणली होती, सफरचंदांवर.