महिन्याला किती, एवढंच विचारतोय!

महिन्याला किती रुपये लागतील? एवढाच माझा प्रश्न आहे. कित्येक महिने झाले, दिसेल त्या होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे इंटरनेटवर मशीन भाड्यानं देणाऱ्याच्या, वेबसाइटवर जाऊन तोच एक प्रश्न विचारतोय आणि एकानंही सरळ आकडा दिलेला नाही. डोकं फिरलंय माझं.

काम काही आभाळाएवढं नाही. लातूरच्या मार्केट यार्डातल्या तीन आडत दुकानांसाठी मी एक अ‍ॅप लिहिलंय. शेतकऱ्याचा माल आला, सौदा झाला, माप झालं की कट्टे, वजन, भाव भरायचा. हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाची पावती, तयार. एक छापायची, एक शेतकऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. पायथनमधलं जँगो आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, बस. एरवी दिवसाला दीड-दोनशे पट्ट्या, सोयाबीनच्या हंगामात पाचशेपर्यंत. दोन जीबी रॅमच्या साध्या मशीनवर हे आरामात चालतं. ते मशीन कुणाकडून भाड्यानं घ्यायचं, एवढंच ठरवायचं होतं.

सुरुवात फुकटच्या प्लॅननं केली. पंधरा मिनिटं कुणी अ‍ॅप उघडलं नाही की सर्व्हर झोपतो, परत उठायला मिनिटभर घेतो. ही गोष्ट दर्शनी पानावर कुठंच नाही. मदतीच्या पानांत, चार क्लिक आत. मला ती कळली दसऱ्यानंतरच्या सोमवारी, दुपारी चारला. जेवणाच्या सुट्टीत कुणी अ‍ॅपला हात लावला नव्हता. निलंग्याकडचे एक काका अठरा कट्टे सोयाबीन घालून गादीसमोर उभे, हातात रिकामी पिशवी. "अप्पा, पट्टी द्या की, गाडी जाईल माझी." दुकानाचे मालक अप्पा, त्यांनी मला फोन लावला, "लेकरा, मघापासून नुसतं गोल गोल फिरायलंय बघ." मागं माणसांची रांग. शेवटी अप्पांनी खालच्या कप्प्यातून कार्बनचं जुनं पट्टीबुक काढलं आणि हातानं पट्टी केली. पुढचे आठ दिवस ते बुक गादीवरून हललं नाही. दोन महिने त्या दुकानात बसून मी जो विश्वास मिळवला होता, तो त्या एका मिनिटात गेला. फुकट देऊ नका, हरकत नाही. हेरोकू या होस्टिंग कंपनीनं २०२२ च्या नोव्हेंबरात फुकटचे सर्व्हर बंद केले, पण तीन महिने आधी जाहीर करून. सांगून बंद करणं मला चालतं. न सांगता झोपणं नाही चालत.

मग शेअर्ड होस्टिंग, एकाच मशीनवर अनेक गिऱ्हाइकं. मोठ्या ठळक अक्षरात 'महिना फक्त ७९ रुपये'. बटण दाबलं की कळतं, हा दर अठ्ठेचाळीस महिन्यांचे पैसे एकरकमी भरले तरच. म्हणजे ३,७९२ रुपये आज, वर १८ टक्के जीएसटी. आणि चार वर्षांनी नूतनीकरण ३४९ रुपये महिन्यानं! ते कुठं लिहिलंय? पानाच्या तळाशी, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. 'अमर्याद' म्हणतात, आणि आत फायलींच्या संख्येला मर्यादा. चॅटवर विचारलं, "जँगो चालेल का?" उत्तर, "हो सर, नक्की." घेतल्यावर पाहिलं तर पायथनची आवृत्ती जुनी आणि मागं सतत चालणारी प्रोसेस मारून टाकतात. परत चॅट. उत्तर, "सर, त्यासाठी वरचा प्लॅन घ्यावा लागेल." अरे, मग पहिल्यांदा 'हो' का म्हणालात?

आमच्या आडत्यांना लोक नाही नाही ते बोलतात. पण त्यांची पट्टी हातात घेऊन बघा. एवढे कट्टे, एवढं वजन, हा भाव, ही हमाली, ही तोलाई, खाली हातात पडणारी रक्कम. ज्या काकांना शाळा दिसली नाही तेही बोट ठेवून विचारतात, "हे कशाचे कापले?" आणि अप्पांना तिथल्या तिथं सांगावं लागतं. फार मोठी अक्कल नको याला, नुसती दानत लागते. ती या कंपन्यांत नाही.

मोठ्या क्लाउडकडं वळलो तर तिथं दर लपवलेला नाही, पसरवलेला आहे. मिरजेहून रेल्वेनं येणाऱ्या पाण्यावर आम्ही दिवस काढले ते २०१६ साल. त्याच साली अ‍ॅमेझॉनचं क्लाउड मुंबईत आलं. जवळ आहे, वेगवान आहे, मान्य. पण हिशोब? मशीनचे तासाला वेगळे, डिस्कचे वेगळे, बॅकअपचे वेगळे, बाहेर जाणाऱ्या डेटाचे जीबीवर वेगळे. त्यांनीच सांभाळलेला डेटाबेस घ्यायचा तर त्याचं भाडं मशीनहून जास्त. १ फेब्रुवारी २०२४ पासून तर मशीनच्या इंटरनेटवरच्या साध्या पत्त्यालाही (पब्लिक आयपीव्ही४) तासाला ०.००५ डॉलर. ऐकायला काहीच नाही. महिन्याचे ७२० तास धरा, ३.६ डॉलर होतात, तीनशेच्या वर रुपये, नुसत्या पत्त्याचे! ते कॅल्क्युलेटर मला विचारतं, महिन्याला किती जीबी डेटा बाहेर जाईल? मला काय माहीत? या वर्षी आवक किती होईल ते पावसाला विचारा.

परदेशातलं स्वस्त मशीनही वापरून पाहिलं. जर्मनीत. पैसे कमी, मशीन दणकट. पण इथून तिकडं एक फेरी म्हणजे शंभर-दीडशे मिलिसेकंद, आणि सुरक्षित जोडणी जुळेपर्यंत अशा दोन-तीन फेऱ्या होतात. यार्डातल्या मोबाइल नेटवर ते बोटाला जाणवतं. त्यात पैसे भरायचे कार्डानं. आपोआप कपातीला ग्राहकाची आगाऊ संमती हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. नियम चांगलाच आहे, ग्राहकाच्या भल्याचा. पण भारतात धंदा करायचा आणि त्याप्रमाणं व्यवस्था करायची नाही, हे काय? रविवारी रात्री कपात नाकारली गेली, सोमवारी सकाळी नऊला सर्व्हर बंद. सौदे सुरू व्हायच्या वेळी! पानटपरीवर यूपीआय चालतं, यांच्याकडं नाही.

आणि सल्ले देणारे तर विचारूच नका. पुण्यातला मित्र म्हणतो, "कुबरनेटिस लाव, पुढं स्केल होईल." ते ढीगभर मशीन एकत्र हाकायचं साधन. तीन दुकानं आहेत बाबा! दुसरा म्हणतो, "घरीच पीसी ठेव." लाइट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ ओढणार? आणि इथला ब्रॉडबँडवाला एका पब्लिक आयपीमागं गल्लीच्या गल्ली बसवतो. बाहेरून माझ्या पीसीपर्यंत कुणी पोचणार कसं?

शेवटी देशातलंच, ठरलेल्या मासिक भाड्याचं एक छोटं व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा माझ्यापुरता वेगळा तुकडा, घेतलं. पोस्टग्रेस त्याच्यावर मीच बसवलं, रोज रात्री दोनला डेटाबेसची प्रत (डम्प) काढून दुसऱ्या ठिकाणी पाठवतो, महिन्यातून एकदा ती परत भरूनही बघतो. अप्पांना वर्षाचा आकडा कागदावर लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "याच्यावर आणखी काही लागणार नाही ना?" मी नाही म्हणालो.

या महिन्याच्या बिलात एक नवी ओळ आली आहे. स्नॅपशॉटचे, म्हणजे अख्ख्या मशीनची प्रत काढून ठेवण्याचे, १८४ रुपये. मी स्नॅपशॉट सुरू केलेलाच नाही. तक्रारीचं तिकीट टाकून तीन दिवस झाले. उत्तरात त्यांनी मदतीच्या पानाची लिंक पाठवली आहे आणि त्या पानावर ही ओळ कशाची, ते लिहिलेलं नाही.