परणपोळी

गेल्या शनिवारी दादरला एका केटररच्या माळ्यावरच्या कचेरीत, मी 3 आठवडे खपून लिहिलेला वेबसाइटचा मजकूर "दोन ओळींत बसवा" असे मला सांगण्यात आले, कारण डिझाइन आधीच मंजूर झाले होते आणि चौकट तेवढीच होती. मजकूर आधी ठरवू या, असे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. लग्नघरातला माणूस येतो तो पानाचा दर काय, निदान किती पाने लागतात, आगाऊ किती आणि ठाण्याला पोहोचवता का, हे विचारायला. त्याला कोणते उत्तर आधी द्यायचे हे न ठरवता चौकटी आखणे म्हणजे पाहुणे किती ते न विचारता भाताचे आधण ठेवणे. मालक मान डोलवत आणि डिझायनरबरोबर रंग निवडत.

चौकटीत तूर्त 'लोरेम इप्सम', म्हणजे खरा मजकूर येईपर्यंत जागा अडवणारा भरताड मजकूर, भरलेले होते. कोपऱ्यात पोह्यांची बशी घेऊन बसलेले मालकांचे मामा, ज्यांना बैठकीला कोणीही बोलावले नव्हते, ते उठून पडद्याजवळ आले आणि त्यांनी ते आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीच्या सुरात वाचून काढले.

"भारदस्त आहे हो! तुम्ही लिहिलंत?"

रोमन वक्ता सिसेरो याच्या इ.स.पू. 45 मधल्या लॅटिन लिखाणाची ती मोडतोड आहे, असे मी सांगितले. मूळ शब्द 'डोलोरेम', म्हणजे वेदना, त्यातला 'डो' गळाला आणि 'लोरेम' उरला. मामांनी शेंगदाणा चावत विचार केला.

"दोन हजार वर्षं टिकलंय ना? मग हेच राहू द्या. तुमच्यात ते दर, आगाऊ वगैरे फार व्यवहारी वाटतं. आणि हे कुणाला कळणार नाही, म्हणजे कुणी भांडायलाही येणार नाही."

मालकांनी हे गंभीरपणे ऐकून घेतले. माझे बिल मात्र त्यांना अजून गंभीर वाटलेले नाही.

शेवटी माझ्या दोन ओळी चढल्या. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेल्या त्या चौकटीत 'पु'चा उकार खालून कापला गेला आणि पडद्यावर ठळक 'परणपोळी' झळकली. मी बोट ठेवले.

"सर, खाली काही नसलेला पदार्थ द्या ना," डिझायनर म्हणाला.

"जिलबी," मालक म्हणाले. ओळ जरा वर सरकवून ती भरली, तर तिच्या वेलांट्या वरून कापल्या गेल्या.

"साखरभात!" मामा गरजले. तो चपखल बसला, मंजूरही झाला. साखरभात हे केटरर करत नाहीत.