चाळीस लाखांची पिशवी आणि तिच्याभोवतीचं भांडण

मुंबईत तयार झालेल्या कार-टी उपचाराची (रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बदलून रक्ताच्या कर्करोगावर सोडायच्या) बातमी आली की घरच्या मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, अमेरिकेत चार कोटी, आपल्याकडे चाळीस लाख, एक दशांश! आता त्यांनीच यावं आपल्याकडे उपचाराला. दुसरा म्हणतो, इतकं स्वस्त म्हणजे कुठेतरी काटछाट असणारच. ज्याला परवडतं त्याने सरळ बाहेर जावं. मग दोघेही माझ्याकडे वळतात, कारण मी इंग्लंडमध्ये पेशी-उपचारांच्या गुणवत्ता तपासणीत काम करते. बोलायला तोंड उघडलं की "तिकडे बसून बोलायला काय जातं" हे ठरलेलं. काही जात नाही, म्हणूनच सविस्तर बोलते.

आधी त्या एक दशांशाबद्दल. ते चार कोटी म्हणजे 4,75,000 डॉलर, किमराया या कार-टी औषधाची अमेरिकेतली 2017 सालची छापील किंमत. फक्त औषधाची, रुग्णालयाचा खर्च वेगळा. ब्रिटनमध्ये त्याची छापील किंमत 2,82,000 पौंड, पण ती एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, भरत नाही. सवलत गुप्त असते. येसकार्टा या दुसऱ्या कार-टी औषधाला ऑगस्ट 2018 मध्ये नाइसने (एनएचएसने कुठलं औषध घ्यावं ते ठरवणारी संस्था) मसुद्यात नकार दिला, ऑक्टोबरमध्ये सौदा झाला आणि ते मिळायला लागलं. मधल्या दोन महिन्यांत औषध बदललं नव्हतं, किंमत बदलली होती. किती, ते कुणी सांगत नाही. म्हणजे या अपूर्णांकाच्या खाली जो आकडा लिहितात तो निदान इथे तरी कुणी भरत नाही, आणि वर जो लिहितात तो मात्र एका कुटुंबाने एफडी मोडून, जमीन विकून भरायचा असतो. आयुष्मान भारतची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख. इथे रुग्णाच्या खिशातून जातात ते पार्किंगचे पैसे. तुलना करायचीच असेल तर ही करा. ती केली की अभिमानवाल्यांना राग येतो आणि मी साहेबाची वकील ठरते.

आता दुसऱ्या तटाकडे. स्वस्त म्हणजे कमअस्सल, हे म्हणणाऱ्यांनी या तयार पेशींची पिशवी कशी भरते ते एकदा बघावं.

रुग्णाचं रक्त अफेरेसिसच्या यंत्रातून तीन-चार तास फिरवतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी काढून घेतात, बाकीचं रक्त परत अंगात जातं. इथेच पहिली मेख आहे. टी-पेशी पुरेशा आणि धडधाकट हव्यात. स्टेरॉइड चालू असेल तर ते काही दिवस आधी थांबवावं लागतं; लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) रुग्णाला जवळच्या काही महिन्यांत बेंडामस्टिन हे केमोचं औषध दिलेलं असेल तर गोळा केलेल्या पेशी वाढायला कुरकुर करतात. चार-पाच प्रकारची केमो होऊन दमलेल्या शरीरातल्या टी-पेशीही दमलेल्याच असतात. जगातल्या सगळ्यात महागड्या कारखान्यातही त्या तरुण होत नाहीत. मग या पेशी चेतवायच्या, आणि निकामी केलेल्या लेंटिव्हायरसच्या पाठीवरून त्यांच्यात एका कृत्रिम ग्राहकाचं (रिसेप्टरचं) जनुक घालायचं. हा ग्राहक कर्करोगी बी-पेशीवरचं सीडी19 नावाचं प्रथिन ओळखतो. पुढे आठवडा-दीड आठवडा पेशी वाढवायच्या, आणि मग तपासण्या: किती टक्के पेशी जिवंत आहेत (70 टक्क्यांखाली सहसा चालत नाही), एका पेशीत जनुकाच्या सरासरी किती प्रती गेल्या (पाचाच्या आत), जिवाणू, मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू), एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष), आणि तो विषाणू पुन्हा स्वतःहून वाढायला लागला नाही ना.

यातली एकही तपासणी मनाची समजूत नाही. 2018 मध्ये अमेरिकेतली एक नोंद प्रसिद्ध झाली. गोळा केलेल्या पेशींमध्ये ल्युकेमियाची एक, अक्षरशः एकच पेशी राहून गेली. तिच्यातही तो ग्राहक घातला गेला, त्याने तिचंच सीडी19 झाकलं, आणि औषधाला न दिसणारा आजार त्या एका पेशीतून उलटला. हे पेनसिल्व्हेनियात झालं, जिथून हा सगळा उपचार निघाला तिथे.

मग मुंबईत खर्च वाचला कुठे? व्हेक्टरमध्ये, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या त्या विषाणूत, बराच. लेंटिव्हायरल व्हेक्टर हा यातला सगळ्यात महाग कच्चा माल, आणि तो बाहेरून विकत न घेता घरीच तयार केला. मनुष्यबळ स्वस्त, जागा जवळ. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या उपचाराची रचना झाली, टाटा मेमोरियलने चाचण्या केल्या, टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात जून 2021 मध्ये पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला नेक्सकार19 या नावाने मान्यता मिळाली. आमच्याकडे ब्रिटिश रुग्णाच्या पेशी ॲमस्टरडॅमच्या विमानतळाजवळच्या कारखान्यात नाहीतर त्याहून लांब जातात आणि परत येतात. शिरेतून निघून पुन्हा शिरेत जायला तीन-चार आठवडे सहज. तेवढा वेळ ल्युकेमिया थांबत नाही. त्याला थोपवायला मध्ये आणखी केमो द्यावी लागते. कारखाना आणि खाट एकाच शहरात असण्याचा हा फायदा किमतीहून मोठा आहे, आणि अभिमानवाल्यांच्या तोंडून तो मी कधी ऐकलेला नाही. त्यांचं आपलं चाळीस लाख, चाळीस लाख.

तसं हे एकट्या भारताने केलेलं नाही. बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकने स्वतःच्याच इमारतीत एआरआय-0001 हे कार-टी औषध तयार केलं आणि 2021 मध्ये स्पेनच्या नियामकाची परवानगी मिळवली. बंगळुरूच्या इम्युनील कंपनीने तेच तंत्रज्ञान घेऊन जानेवारी 2025 मध्ये कारटेमी बाजारात आणलं. सार्वजनिक रुग्णालयाने नेट लावला तर किंमत खाली येते, देश कुठलाही असो.

आकड्यांचं भांडण तर बघण्यासारखं असतं. नेक्सकार19 च्या चाचण्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आले. 64 रुग्ण, परिणाम मोजता आला अशा 51 जणांत 73 टक्क्यांना प्रतिसाद. अभिमानवाले शेजारी किमरायाची ज्युलिएट चाचणी ठेवतात, तिथे 52 टक्के होते. बघा, आपण पुढे. शंकेखोर किमरायाचीच दुसरी चाचणी, एलियाना, ठेवतात, तिथे 81. बघा, आपण मागे. ज्युलिएटमध्ये लिम्फोमाचे प्रौढ रुग्ण होते, एलियानामध्ये ल्युकेमियाची मुलं आणि तरुण. मुंबईच्या चाचणीत दोन्ही आजार. शिवाय एलियानात नाव नोंदवलं 92 जणांनी, पेशी मिळाल्या 75 जणांना, आणि 81 टक्के हे त्या 75 मधले. वाट बघता बघता जे गेले, किंवा ज्यांच्या पेशी तयारच झाल्या नाहीत, ते भाजकात नाहीत. वेगवेगळ्या आजारांच्या, तुलनेचा गट नसलेल्या चाचण्या शेजारी मांडून शर्यत लावता येत नाही. आणि प्रतिसाद म्हणजे बरं होणं नव्हे. काहींचा आजार वर्षानुवर्षं परतत नाही. अनेकांचा काही महिन्यांत डोकं वर काढतो, कधी टी-पेशी टिकत नाहीत म्हणून, कधी कर्करोगी पेशी सीडी19 टाकून देते म्हणून.

पण मला खरा राग येतो तो या सगळ्या वादात पिशवी शरीरात गेल्यानंतरचं काहीच नसतं याचा.

पिशवी छोटी असते, बहुधा 10 ते 50 मिलीलिटर. त्याआधी तीनेक दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधं देऊन शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट (टी आणि बी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशी) कमी करून जागा केलेली असते. फ्लुडाराबिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, तेव्हा क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं असेल, तर मात्रा कमी करायची, नाहीतर मेंदूला त्रास. द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेतून काढलेली पिशवी 37 अंशांच्या पाण्यात वितळवायची, दोघांनी नाव-नंबर ताडून पाहायचे, आणि अर्ध्या तासाच्या आत संपवायची. सलाईनच्या नळीला पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावायचा नाही. रक्त चढवताना तो लावायची हाताला सवय असते. इथे लावला तर सगळं औषध त्या फिल्टरमध्येच अडकेल.

मग ताप. पेशी काम करायला लागल्या की सायटोकाइनचा (पेशी सोडतात त्या दाहकारक रसायनांचा) भडका उडतो: 38 च्या वर ताप, मग रक्तदाब खाली, मग ऑक्सिजन कमी. त्यावर उतारा टोसिलिझुमॅब, किलोमागे 8 मिलिग्रॅम, एका वेळी 800 च्या वर नाही. 2021 च्या कोविड लाटेत ज्याच्यासाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरत होते तेच हे इंजेक्शन. अमेरिकेतला दंडक असा होता की प्रत्येक रुग्णामागे दोन मात्रा रुग्णालयातच हव्यात, दोन तासांत हाताशी. चिठ्ठी लिहून नातेवाइकाला मेडिकलमध्ये पिटाळणं इथे चालत नाही. आणि हा ताप सायटोकाइनचा की जंतुसंसर्गाचा, हे पहिल्या रात्री कळत नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शून्याजवळ असतात, म्हणून कल्चर पाठवून लगेच प्रतिजैविकं सुरू करायची. औषधांना न जुमानणारे जिवाणू आपल्याकडे जास्त, त्यामुळे कुठलं प्रतिजैविक आधी, हे ब्रिटिश मार्गदर्शिकेतून जसंच्या तसं उचलता येत नाही. हेपेटायटिस बी आणि क्षय आधीच तपासून ठेवावे लागतात.

मेंदूवरचा परिणाम तर यंत्रात दिसतही नाही, माणसाने तपासावा लागतो. रोज दोनदा दहा गुणांची परीक्षा: वर्ष, महिना, शहर, रुग्णालय; तीन वस्तूंची नावं; एक सूचना पाळणं; शंभरापासून दहा-दहाने उलटे आकडे; आणि एक वाक्य लिहिणं. बऱ्याचदा अक्षर आधी बिघडतं. काल "मला घरी जायचं आहे" नीट लिहिलेलं असतं, आज "घरी" नंतर रेघोट्या. म्हणून पेशी देण्याआधीचं अक्षर रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत घेऊन ठेवायचं. ही एक गोष्ट खारघरची सिस्टर माझ्या इथल्या वॉर्डांपेक्षा चांगली करू शकते, हे मी लिहून देते. इथे रात्रपाळीला केरळची सिस्टर असते आणि खाटेवर गुजराती आजोबा. दोघांनाही इंग्रजी येतं, पण तापात आजोबांची इंग्रजी आधी जाते. फोनवरचा दुभाषा रात्री दोन वाजता मिळेपर्यंत स्टेरॉइड सुरू करायची वेळ टळलेली असू शकते.

डिस्चार्जनंतरही रुग्णाने जवळ राहायचं. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, जून 2025 मध्ये ही अट चार आठवड्यांवरून दोनवर आणली. गडचिरोलीच्या कुटुंबासाठी दोन आठवडेही नवी मुंबईत भाड्याची खोली, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी. पुढे बी-पेशी नसल्यामुळे कित्येक महिने इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली प्रतिपिंडं) खाली, तेही कधीकधी विकत आणून द्यायचं. हे काहीच त्या चाळीस लाखांच्या बातमीत नसतं.

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. लंडनच्या यूसीएल विद्यापीठातून निघालेली, इंग्लंडमधल्याच स्टीव्हनेजमध्ये तयार होणारी ओबी-सेल ही कार-टी अमेरिकेने नोव्हेंबर 2024 मध्ये मान्य केली, ब्रिटनने एप्रिल 2025 मध्ये. मांडव आमच्या दारात, पहिली पंगत शेजाऱ्यांची. दरम्यान पेशी बाहेर न काढता शरीरातच टी-पेशींना जनुक पोचवण्याचे पहिले मोजके मानवी निष्कर्ष 2025 मध्ये चीनमधून आले. ते जमलं तर अफेरेसिस, कारखाना, विमान, सगळंच बाद. पण एक दशांशाच्या वादात चीनचं नावही निघत नाही.

आणि मी तरी कुठे वेगळी आहे? इथल्या बैठकीत कुणी भारतीय आकडेवारी म्हटल्यावर भुवई उंचावली की माझा आवाज चढतो आणि ते 73 टक्के मी तोंडपाठ सुनावते. घरून फोनवर कुणी तेच 73 टक्के कौतुकाने सांगितले की मी विचारते, नमुना केवढा, पाठपुरावा किती महिन्यांचा? आकडे दोन्ही वेळा खरेच असतात. मी कुणाच्या बाजूने बोलते ते मात्र समोर कोण आहे त्यावर ठरतं. खारघर-पवईच्या जागांच्या जाहिराती मी वाचते. अर्ज करत नाही. म्हणून "तिकडे बसून" हा टोमणा बसतो तेव्हा उत्तर पटकन सुचत नाही.

त्यामुळे "पेशंटला तिकडे आणू का?" असं विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: नको. इथे परदेशी पाहुण्याला एनएचएस दीडपट दर लावते, आणि तेवढ्या वेळात आजार पुढे जातो. त्याऐवजी जिथे उपचार घेणार तिथेच विचारा. अशा किती रुग्णांना इथे पेशी दिल्या? टोसिलिझुमॅब वॉर्डात आहे की मागवावं लागतं? रात्री बघणारा रेसिडेंट ती दहा गुणांची परीक्षा घेऊ शकतो का? आयसीयूत खाट राखून ठेवता का? सांगितलेल्या रकमेत आयसीयू, प्रतिजैविकं आणि इम्युनोग्लोब्युलिन धरलंय का? आणि पेशी तयारच झाल्या नाहीत, किंवा तपासणीत नापास झाल्या, तर भरलेल्या पैशांपैकी किती परत मिळतात, हे लेखी द्याल का?